जोडसायकलीवरून बारवीला

उल्हासनगर, शनिवार

शनिवार, १४ मार्च १९९२. रक्कम आठशे पंच्याऐंशी रुपये. हजर चौघे: मी, माझा मित्र सोनावणे, त्याची बायको सुमनवहिनी आणि सायकल बनवणारे लच्छूभाई. पैसे मी आणि सोनावणेनं निम्मे निम्मे दिले. लच्छूभाईंनी ते न मोजता गल्ल्यात टाकले, म्हणून मी ते परत मागून त्यांच्यासमोर मोजले.

या पैशांत आम्हाला मिळाली एक जोडसायकल. दोन जुन्या काळ्या सायकली कापून, मधे पाइप घालून, वेल्डिंग करून ती तयार केली होती. सीट दोन, हँडल दोन, पायडलं चार, चाकं मात्र दोनच. मागचं चाक फिरवणारी नेहमीची चेन उजव्या बाजूला होती आणि पुढच्या-मागच्या पायडलांना एकमेकांशी जोडणारी दुसरी चेन डाव्या बाजूला. ब्रेक फक्त पुढच्याकडे. घंटी मागच्याकडे. घंटीचा हट्ट सोनावणेचा. "मला नुसतं ओझं म्हणून बसायचं नाही. काहीतरी काम पाहिजे," तो म्हणाला होता.

ज्यांना आमची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडं मागचं सांगतो. मी अंबरनाथला मोरिवलीच्या बाजूच्या एका कारखान्यात कॉस्टिंगचं काम बघतो. सोनावणे तिथेच मेंटेनन्सचा फोरमन होता. आम्ही दोघं सायकलनं कामावर जायचो, आणि थंडी सरली की पाऊस सुरू होईपर्यंत दर रविवारी सायकलनंच लांब कुठेतरी. कोंडेश्वर, मुळगाव, मलंगगडाचा पायथा, वांगणी. मग सोनावणेला काचबिंदू झाला. दृष्टी कडेकडेनं जात असताना त्यानं कुणाला सांगितलं नाही आणि सायकलही सोडली नाही. एका सकाळी तो उभ्या हातगाडीवर आदळला आणि गळ्याचं हाड मोडून घेतलं. हॉस्पिटलात डॉक्टरांनी वहिनींना खरं काय ते सांगितलं. सहा महिन्यांत उरलेलंही गेलं. कारखान्यानं त्याला टेलिफोनवर बसवलं. वहिनींनी सायकल विकून टाकली.

त्यानंतर तीन वर्षं मी आणि लच्छूभाई रविवारी फिरून आलो की सरळ सोनावणेच्या घरी जायचो आणि त्याला राइड सांगायचो. तो उलटतपासणी घ्यायचा. पळस फुललाय म्हटलं की कुठला पळस, पुलाअलीकडचा की पलीकडचा, रस्त्याच्या डाव्या हाताचा की उजव्या. चहा कुठे प्यालात, केवढ्याला. पण त्या वर्षी फेब्रुवारीत मी काटेसावरीचं सांगायला सुरुवात केली तेव्हा त्यानं मला मधेच थांबवलं. म्हणाला, "म्हसकर, आता सांगणं पुरे. ऐकून ऐकून माझे पाय दुखायला लागलेत. मला न्या."

लच्छूभाई उल्हासनगरचे सिंधी. सायकल दुरुस्तीचं दुकान. दुसऱ्या कुणी जोडसायकलीचं नाव काढलं असतं तर मी खर्चाचा हिशेब मांडून नको म्हटलं असतं. लच्छूभाईंनी हिशेब मांडला नाही. ते म्हणाले, "साईं, बनती है. का नाही बनणार?" आणि महिन्याभरात बनवली.

दुकानामागच्या मोकळ्या मैदानात आम्ही रंगीत तालीम केली. मी पुढे, सोनावणे मागे. पहिल्यांदा निघताना त्यानं जोर लावला तेव्हा मी अजून सीटवर बसायचा होतो. दुसऱ्यांदा मी जोर लावला तेव्हा तो नाक पुसत होता. शेवटी शब्द ठरवले. मी 'तयार' म्हणायचं, त्यानं एकदा घंटी वाजवायची, मग दोघांनी उजवा पाय दाबायचा. पुढे खड्डा दिसला की मी 'खड्डा' म्हणायचं आणि त्यानं सीटवरून किंचित उठायचं. आठ-दहा चकरा धड झाल्या. लच्छूभाई टाळ्या वाजवत होते. वहिनी पदर खांद्यावर ओढून उभ्या होत्या.

"उद्या एकदा जा," त्या सोनावणेला म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "भाऊजी, तुम्हालाच सांगते. हे धड परत आले तर पुढचं बघू. काही झालं तर सोमवारी ही सायकल भंगारात जाईल आणि हा विषय माझ्या घरात परत निघायचा नाही. मी एकदा हाड जोडताना बघितलंय. दुसऱ्यांदा बघणार नाही."

"काही होत नाही गं," सोनावणे म्हणाला.

"तुम्ही बोलूच नका. तुम्ही हातगाडीलाही काही होत नाही म्हणाला होतात."

अंबरनाथ ते बदलापूर, रविवार

सकाळी सहाला निघालो. लच्छूभाई आपल्या सायकलवर उल्हासनगरहून आले. कॅरिअरला पाने, पंप, पंक्चरचं सामान आणि एका डब्यात त्यांच्या घरचं दाल-पकवान. आमच्याकडे रविवारी पोहे होतात आणि ते बशीभर खाऊन माणूस हलका राहतो. दाल-पकवानाचं तसं नाही. तळलेल्या कडक पुरीवर घट्ट डाळ, वर चिंचेची चटणी आणि कच्चा कांदा. दोन खाल्ली की जेवण झाल्यासारखं वाटतं. सोनावणेनं चार खाल्ली. "इंजिन मागे आहे," तो म्हणाला, "डिझेल मला जास्त लागणार."

मी महिनाभर काळजी करत होतो, पण खरं सांगायचं तर पहिल्या दोन मिनिटांतच ती पळाली. जोडसायकल एकदा वेगात आली की ती एकट्या सायकलीपेक्षा सरळ आणि जोरात जाते. दोन माणसांचा जोर आणि वारा एकालाच लागतो. सोनावणेच्या पायांत तीन वर्षांचं साठलेलं होतं. मी पाय नुसते ठेवले तरी पायडलं खालून मला ढकलत होती. अंगावर काटा आला. पंचेचाळिसाव्या वर्षी सायकलवर अंगावर काटा येईल असं मला वाटलं नव्हतं.

फक्त रस्ता अंबरनाथचा होता. मी "खड्डा", "खड्डा", "खड्डा" असं म्हणत चाललो होतो. सोनावणे उठबस करून दमला.

"म्हसकर," तो मागून म्हणाला, "पद्धत बदलू. खड्डा नसेल तेव्हाच सांग."

चिखलोलीच्या पुढे कारखान्यातली दोन पोरं स्कूटरवरून बाजूनं आली. त्यांनी वेग कमी करून आमच्याकडे पोटभर बघून घेतलं. "अंकल, पीछेवाले का टिकट निकाला क्या?" एकानं विचारलं.

सोनावणेनं आवाजाच्या दिशेनं घंटी वाजवली. "पास आहे," तो म्हणाला. "फर्स्ट क्लासचा."

पोरं हसत पुढे गेली. सोनावणे पुढची पाच मिनिटं विनाकारण घंटी वाजवत होता.

बदलापूर पश्चिमेला मांजर्लीतून नदीकडे वळलो. पावसाळ्यात इथे घरांच्या पायऱ्यांपर्यंत पाणी येतं. आता उल्हास नदी एका काठाला सरकून वाहत होती, वाळूत म्हशी बसल्या होत्या. पुलावर वारं गार लागलं आणि तिथेच सोनावणे म्हणाला, "थांब जरा. डावं पायडल डुगडुगतंय."

बघितलं तर त्याचं डावं पायडल दोन आटे बाहेर आलं होतं. लच्छूभाईंनी पाना काढून ते घट्ट बसवलं. "नवा माल आहे. बसतो जरा," ते म्हणाले.

नदीपलीकडे

नदी ओलांडली की गाव संपतं आणि वसंत सुरू होतो. दुसऱ्या शब्दांत मला ते सांगता येणार नाही. भाताची खाचरं कोरडी पडलेली, बांधावर कुणीकुणी पालापाचोळा पेटवून राब भाजत होतं, त्याचा धूर सकाळच्या हवेत खालीच पसरलेला. पळसाला पान नव्हतं, नुसतं केशरी. आंब्याचा मोहोर गळून सुपारीएवढ्या कैऱ्या धरलेल्या. करवंदीच्या जाळीला पांढरं फूल होतं आणि त्याचा वास आम्ही पुढे गेल्यावरही मागे येत होता.

मी सवयीनं सगळं सांगत चाललो होतो. डाव्या हाताला पळस, उजव्या हाताला सावर, पुढे चढ. थोड्या वेळानं सोनावणे म्हणाला, "तू रस्ता बघ. बाकीचं माझं मी बघतो. वास मला येतोय, ऊन कुठल्या गालावर आहे ते कळतंय, आणि चढ आहे हे तू दम लागून सांगतोयसच."

मी गप्प झालो. मग ऐकू यायला लागलं. चेनचा आवाज, टायरखालची बारीक खडी, झाडात कुठेतरी तांबट पक्ष्याची न थांबणारी टुकटुक. लच्छूभाई मागून सिंधीत काहीतरी गुणगुणत होते.

मुळगावच्या अलीकडे पायडल पुन्हा डुगडुगलं. पुन्हा घट्ट केलं. मुळगाव मागे पडल्यावर पुन्हा. या वेळी लच्छूभाई पान्यावर उभे राहून घट्ट करत होते.

"साहेब, हे माझं काम नाही, हे तुमच्या पायाचं काम आहे," ते सोनावणेला म्हणाले. "इतना जोर कोई लगाता है क्या? आरामसे."

"म्हसकरचंही डावं बघा," सोनावणे म्हणाला.

माझंही थोडं सैल होतं, पण थोडंच.

"यावरूनच कळतं कोण दाबत होतं," सोनावणे म्हणाला.

जंगल दाट झालं. मैलाच्या दगडानं धरण पाच किलोमीटर दाखवलं. पुढे उतार होता. उताराच्या तोंडाशी एक कुसुंब होता. ज्यांनी मार्चमधला कुसुंब पाहिला नाही त्यांनी तो पाहावा. पालवी तांबडी फुटते, आणि तीही चकचकीत, एखाद्यानं झाडावर कुंकवाचं पाणी शिंपडावं तशी. मी त्याच्याकडे पाहत होतो. त्यामुळे उताराखाली रस्त्यावर आडवा धरलेला दोर मला उशिरा दिसला.

ठाणे जिल्ह्याच्या खेड्यांत होळीच्या आधीच्या दिवसांत बाया आणि मुली रस्त्यात दोर धरतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याकडून शिमग्याचं पोस्त मागतात. रुपया, दोन रुपये. दिल्यावर दोर खाली होतो. आमच्या कॉलनीत होळीची वर्गणी पावतीपुस्तक घेऊन दारावर येऊन घेतात आणि कोणी किती दिले ते फळ्यावर लिहितात. इथे पावती नाही, पण दोर आहे. हे सगळं मला माहीत होतं. जोडसायकल उतारावर दोन माणसांचं वजन घेऊन किती लांब जाऊन थांबते, ते मला माहीत नव्हतं.

मी दोन्ही ब्रेक दाबले. मागे सोनावणेला काय झालं ते कळलं नाही, त्यानं सवयीनं पायावर जोर दिला. खट्ट आवाज झाला. त्याचं डावं पायडल निघून रस्त्यावर उडालं, पाय घसरला, सायकल एका अंगाला कलली आणि आम्ही दोघं रस्ता सोडून शेजारच्या ढिगात गेलो. तो ढीग गावच्या होळीसाठी रचलेला होता: गवताचे भारे, वाळक्या फांद्या, एक मोडकं टोपलं. त्यामुळे लागलं नाही. पण गवत नाकातोंडात गेलं.

"मेले काय गो?" एका बाईनं विचारलं.

"मेले नसतील तर पोस्त देतील," दुसरी म्हणाली, आणि सगळ्या हसायला लागल्या.

सात-आठ जणी होत्या. पुढारपण हिरवं लुगडं नेसलेल्या एका पन्नाशीच्या बाईकडे होतं. तिला बाकीच्या चांगुणाबाई म्हणत होत्या. मी उठून सोनावणेला हात दिला. त्याच्या डाव्या नडगीवर पायडल निघालेल्या दांड्यानं वीतभर ओरखडा काढला होता आणि रक्त येत होतं. मला ओरखडा दिसत नव्हता, सुमनवहिनी दिसत होत्या.

सोनावणे हवेत हात फिरवून सायकल शोधायला लागला तेव्हा बायांना समजलं. हसणं थांबलं.

"डोल्यांनी दिसत नाय का बाबाला?" चांगुणाबाईंनी मला हळूच विचारलं.

"नाही," मी म्हणालो.

त्यांनी दोर खाली टाकला. "जा बाबा. तुमचं पोस्त नको आमाला."

सोनावणे डोक्यातलं गवत काढत होता. "का नको?" त्यानं विचारलं.

"आंधल्या मानसाकडून कोन घेतंय?"

"मघाशी दोर धरलात तेव्हा मी आंधळा नव्हतो?"

"तवा म्हाईत नव्हतं."

"मग आताही माहीत नाही असं समजा," सोनावणे म्हणाला. त्याचा आवाज चढला होता. फोरमन असतानाचा आवाज मी तीन वर्षांनी ऐकत होतो. "मी काय तुमच्याकडे मागायला आलो नाही. सायकलनं आलोय, रस्त्यानं आलोय. बाकीच्यांकडून घेता, माझ्याकडूनही घ्या. धरा दोर."

बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. चांगुणाबाईंनी त्याला खालीवर पाहिलं, मग कमरेला पदर खोचला.

"धरा गो दोर," त्या म्हणाल्या.

दोर वर आला. सोनावणेनं हात पुढे करून तो चाचपला आणि समाधानानं मान हलवली. "हां. आता किती?"

"दोन रुपये."

"एका गाडीचा एक रुपया असतो."

"मानसं दोन हायेत."

"चाकं तर दोनच आहेत. एका गाडीला असतात तेवढीच."

"चाकं नको मोजू बाबा, सीट मोज. दोन हायेत. दिसत नसंल तर हात लावून बघ."

मी दचकलो. सोनावणे मात्र इतका मोठ्यानं हसला की झाडावरचं पाखरू उडालं. सगळ्या बायाही हसल्या. तो हरला होता आणि आनंदानं हरला होता. त्यानं स्वतःच्या खिशातून दोन रुपये काढून चांगुणाबाईंच्या हातावर ठेवले. तोवर लच्छूभाई उतारावरून पोचले आणि त्यांनाही एक रुपया भरावा लागला. त्यांनी घासाघीस केली नाही, कारण त्यांचं लक्ष सायकलकडे होतं.

पायडल एका मुलीनं गवतातून शोधून दिलं. सोनावणेनं ते हातात घेऊन त्याच्या आट्यांवरून अंगठा फिरवला. मग दांड्याच्या भोकात बोट घातलं. मग म्हणाला, "लच्छूभाई, डाव्या बाजूला कोणता क्रँक लावला?"

लच्छूभाई रस्त्याच्या कडेला दगडावर बसले.

हे थोडं समजावून सांगायला हवं. कुठल्याही सायकलीच्या डाव्या पायडलाचे आटे उलटे असतात, म्हणजे चालवता चालवता ते सैल न होता बसत जातं. आमच्या सायकलीला डाव्या बाजूलाही चेन होती, म्हणून तिकडे दात्यांचं चाक असलेला क्रँक, म्हणजे पायडलाचा दांडा, हवा होता. तसा क्रँक बाजारात उजव्या बाजूचाच मिळतो. लच्छूभाईंनी दोन उजवे क्रँक उचलून डावीकडे लावले होते, सरळ आट्यांसकट. आम्ही जेवढं जोरात चालवू तेवढं पायडल उलगडत जाणार होतं. मैदानातल्या दहा चकरांत ते कळलं नाही.

"तीस साल से सायकल खोल रहा हूं," लच्छूभाई शेवटी म्हणाले. "दाहिना उठाके बाएँ में डाल दिया. ध्यानच नाही आलं साहेब."

आता प्रश्न परतायचं की पुढे जायचं. घर पंधरा किलोमीटर मागे, धरण पाच पुढे. मी ओरखड्याकडे बघत होतो. आत्ता मागे वळून टेम्पो गाठला तर दुपारच्या आत घरी, जखम धुऊन, आणि थोडं तरी सांभाळून घेता आलं असतं. मी तसं म्हणालो.

"टेम्पोतून उतरलो की सुमन काय समजेल?" सोनावणे म्हणाला. "जमलं नाही, असंच ना? मग सोमवारी सायकल भंगारात. म्हसकर, मला परत जायचंय ते याच सायकलवरून. आणि त्याआधी धरण."

"पायडल कसं राहील?"

"पाइपाच्या आट्याला आपण काय करायचो? धागा गुंडाळून आवळायचो. धागा आण कुठूनतरी."

चांगुणाबाई ऐकत होत्या. त्यांनी दोराचं टोक उचललं, दातांत धरून काथ्याचा एक पदर सोडवला आणि माझ्या हातात दिला. "येवढा पुरं का?"

पुरला. लच्छूभाईंनी काथ्या आट्यांवर गुंडाळला, त्यावर पंक्चरचं सोल्युशन चोपडलं आणि पायडल असं बसवलं की पाना वाकतो की काय वाटलं. बायांनी ओरखड्यावर पाणी ओतलं, मीठ लावलेल्या दोन कैऱ्या दिल्या आणि सायकल धरून आम्हाला रस्त्यावर उभं केलं. मी 'तयार' म्हणालो. सोनावणेनं घंटी वाजवली. निघताना चांगुणाबाई ओरडल्या, "परत येताना पुना पोस्त नाय पडायचं. पन पडू नका."

धरण

शेवटचे पाच किलोमीटर आम्ही ज्या वेगानं गेलो तो मी मोजला नाही, आणि मोजण्याच्या बाबतीत माझं असं क्वचित होतं. रस्ता वरखाली होता. चढावर सोनावणे मागून रेटायचा, उतारावर दोघं पाय थांबवून बसायचो आणि वारा कानात भरायचा. काथ्या टिकला. पुढचं माझं पायडल मात्र सैल झालं, कारण आता मीही दाबत होतो. सोनावणेनं ते मान्य केलं.

बारवीचं पाणी मार्चात खाली गेलेलं असतं, काठाला तांबड्या मातीचे पट्टे दिसतात. आम्ही अलीकडच्या उतारावरून काठापर्यंत गेलो. सोनावणेनं बूट काढून पाय पाण्यात सोडले आणि पाचेक मिनिटं ते हलवत बसला. मग म्हणाला, "समोरचा डोंगर आहे ना तिथेच?"

"आहे."

"बरं."

एका झोपडीवजा खानावळीत धरणातल्या माशाचा रस्सा आणि तांदळाची भाकरी मिळाली. रस्सा पातळ, लाल, तिखट. आमच्याकडे माशाला नारळ वाटून लावतात; इथे नुसता लसूण, मिरची आणि चिंच. मला हाच जास्त आवडला, पण हे घरी बोललो नाही. लच्छूभाई जेवत नव्हते. सोनावणेनं त्यांच्या ताटात स्वतः मासा वाढला, अंदाजानं, त्यातला अर्धा रस्सा ताटाबाहेर.

"खा लच्छूभाई. चूक मोठी केलीत, पण सायकल त्याहून मोठी केलीत."

मग ते जेवले.

परत, अंबरनाथ

परतीचं सगळं सांगत बसत नाही. ऊन होतं, पाच वेळा पायडलं आवळली, कुसुंबाच्या उतारावरच्या बाया घरी गेलेल्या होत्या. चिखलोलीला लच्छूभाईंनी सुचवलं की सोनावणेनं पॅन्टचा पाय खाली सोडावा, म्हणजे ओरखडा दिसणार नाही. सोनावणे म्हणाला, "गेल्या वेळी लपवलं म्हणूनच ती एवढी चिडली. आता नाही लपवणार."

चार वाजता सोनावणेच्या इमारतीखाली पोचलो. वहिनी गॅलरीत उभ्या होत्या. किती वेळ, ते विचारलं नाही. त्या खाली आल्या, वाकून त्याच्या नडगीकडे पाहिलं.

"पडलात?"

"पडलो," सोनावणे म्हणाला.

"कशात?"

"होळीत."

"अजून पेटायची आहे ना?"

"म्हणून तर धड परत आलो," तो म्हणाला.

वहिनी हसल्या नाहीत. वर गेल्यावर त्यांनी डेटॉलचा कापूस लावला, चहा ठेवला, आणि सोनावणेनं राइड सांगायला सुरुवात केली. तीन वर्षं मी सांगत होतो आणि तो ऐकत होता. आता तो सांगत होता. फर्स्ट क्लासचा पास, पुलावरचं वारं, दोर, चांगुणाबाईंनी सीट मोजायला लावली ते, पाण्यात सोडलेले पाय. होळीचा ढीग त्यानं पुरुषभर उंच केला. तो कमरेएवढाच होता. चूक दुरुस्त करायला मी तोंड उघडलं, पण वहिनी कपबशी हातात तशीच धरून ऐकत होत्या. मी चहा प्यालो.

पोस्ताचा भाग त्यांनी दोनदा विचारला. "म्हणजे त्या नको म्हणाल्या आणि तुम्ही हट्टानं दिलेत?"

"हट्टानं. आणि घासाघीस करून."

त्यांनी कपबशी खाली ठेवली. मग दाराशी उभ्या असलेल्या लच्छूभाईंकडे वळल्या. ते आत यायला तयार नव्हते.

"ते पायडल निघतं कशानं?"

लच्छूभाईंनी सांगितलं. काही लपवलं नाही. दोन्ही क्रँकच्या भोकांत बुश, म्हणजे धातूची कडी, मारून लेथवर उलटा आटा पाडून घ्यावा लागेल, म्हणाले.

"केवढ्याला होतं ते?"

"बहेन, पैसे का सवालच नाही. माझी गलती आहे. मी फुकट करून देतो. पंधरा दिवस, महिना, लेथवाल्याकडे टाईम मिळेल तसं."

वहिनी आत गेल्या. आल्या तेव्हा हातात पाकीट होतं.

"केवढ्याला, ते विचारलं मी."

"सत्तर. दोन्हीचे."

"फुकटचं काम महिनाभर रेंगाळतं," वहिनी म्हणाल्या. "पैसे घ्या, आणि रविवारच्या आत करा."

सुमनवहिनींनी लच्छूभाईंना रोख सत्तर रुपये दिले. या वेळी लच्छूभाईंनी ते मोजून घेतले.